होळीच्या पुढाऱ्याला बोंब मिळेना

आमच्या गावातला सर्वांत निर्लज्ज, खोटारडा आणि गावबुडव्या पुढारी मी आहे. हे मी अभिमानानं सांगतो, कारण हे पद मला कुणी मतं देऊन दिलेलं नाही, ते आमच्या घराण्यात चालत आलेलं आहे. वर्षातून एकदा, होळीच्या संध्याकाळी, मी केळी वाहायच्या हातगाडीवर चढतो, गळ्यात वांग्यांची माळ घालतो, डोळ्यांवर काळा चष्मा चढवतो आणि सबंध गावासमोर भाषण करतो. उरलेलं वर्षभर मी माणिकपूरला नळ, पाईप आणि संडासाची भांडी विकतो. दोन्ही कामांत फार फरक आहे असं माझ्या बायकोला वाटत नाही.

वसईच्या किनाऱ्याला लागून असलेल्या आमच्या गावात होळी नुसती काडी ओढून पेटत नाही. आधी पुढाऱ्याचं भाषण व्हावं लागतं. ते इतकं वाईट असलं पाहिजे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप तोंडावर जावा आणि सगळ्या गावानं एकदम बोंब मारावी. बोंब पुरेशी झाली की आमच्या घरचा विस्तव होळीला लागतो. पुरेशी झाली नाही तर पुढाऱ्यानं आणखी बोलायचं, आणखी वाईट बोलायचं. ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नाही. माझे काका म्हणायचे, वर्षभर पुढाऱ्यांच्या नावानं पोटात जे साचतं ते एका संध्याकाळी बाहेर पडावं आणि जळून जावं, म्हणून. मला वाटतं, आमच्या पूर्वजांना भाषणांची हौस होती आणि निवडून यायची खात्री नव्हती.

माझ्याआधी काका पुढारी होते. एरवी वाडीतल्या केळीशीसुद्धा हळू आवाजात बोलणारा माणूस, पण हातगाडीवर चढला की अंगात यायचं. ‘‘तुमच्या विहिरींचं पाणी मी टँकरनं विकणार!’’ असं ते ओरडले की गाव असं बोंबलायचं की बावखलातले, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यातले, बगळे उडून जायचे. पाणी विकणार! असा नीच विचार माणसाच्या डोक्यात येतोच कसा! बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हसताहसता बोंब मारायच्या. शेजारचे कॅथलिक अंकल खास बोंब मारायला कुंपण ओलांडून यायचे. होळी बहुधा त्यांच्या उपवासकाळात येते आणि उपवासकाळात ते शिव्या सोडतात. त्यामुळे त्यांची बोंब निर्भेळ असायची, एकही शब्द नाही, नुसता आवाज. काका त्याला पहिल्या नंबरची बोंब म्हणायचे.

काका गेले आणि चष्मा माझ्याकडे आला. विस्तवाचा मान काकीकडे गेला. काकी म्हणजे ऐंशीच्या घरातली, ताठ, आणि कुणाचंही कौतुक करताना दात दुखत असल्यासारखा चेहरा करणारी बाई. होळीपुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसते, पायाशी निखाऱ्यांचं घमेलं. डोळे मिटून भाषण ऐकते. बोंब मनासारखी झाली तर चिमटा उचलते. नाही झाली तर म्हणते, ‘‘पुढे.’’ मी देशातल्या कुठल्याही सभागृहापेक्षा त्या एका शब्दाला जास्त घाबरतो.

सुरुवातीला मी काकांचंच भाषण करायचो. पाण्याच्या टँकरवर माझी खात्री होती. पण एका वर्षी मी छाती फुगवून ओरडलो, ‘‘पाणी टँकरनं विकणार!’’ आणि गर्दीतून एका बाईनं काळजीनं विचारलं, ‘‘सकाळी येणार की दुपारी? दुपारी मी कामावर असते.’’ काळ बदलला होता, आमच्या गल्लीत रोज टँकर उभा राहत होता, आणि मी हातगाडीवर उभा राहून फक्त वेळापत्रक जाहीर केलं होतं.

ठीक आहे, म्हटलं, नवीन पाप शोधू. मी शोधलं. ‘‘मी आज या पक्षात आहे, उद्या त्या पक्षात जाईन आणि परवा सकाळी चहाला परत येईन!’’ पहिल्या वर्षी काय बोंब पडली म्हणून सांगू! म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या. काकीनं न बोलता चिमटा उचलला. त्या वाक्यावर मी पुढे काही होळ्या पेटवल्या. मग बोंब हळूहळू बारीक होत गेली, आणि एकदा ते वाक्य म्हटल्यावर पुढच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ मान डोलावून शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘बरोबर आहे. प्रॅक्टिकल राहायला पाहिजे.’’

मी दचकलो. बोंब मारण्यासारखी गोष्ट समजूतदारपणाची कधी झाली? कुठल्या दिवशी? मी दुकानात होतो का तेव्हा?

मग मी हात मोकळा सोडला. ‘‘मला प्रश्न विचारणारा प्रत्येक जण विकला गेलेला आहे! माझ्या विरोधात बोलेल तो गावाचा वैरी! मी चुकत नाही, चुकतात ती माणसं आणि पुस्तकं!’’ काकांनी अशी वाक्यं स्वप्नातही उच्चारली नसती, त्यांना वाटलं असतं की हे फारच बटबटीत होतंय, असा पुढारी कुणाला खरा वाटणार नाही. मी उच्चारली आणि श्वास रोखून बोंबेची वाट पाहिली.

टाळी आली. एक. मग आणखी. मग शिट्टी.

त्या भाषणाची कुणीतरी मोबाईलवर फिल्म काढली आणि वांग्यांची माळ दिसणार नाही अशी खालून कापून ग्रुपवर टाकली. आठवड्याभरात ती नालासोपाऱ्याहून फिरून माझ्याच मोबाईलवर आली. खाली लिहिलं होतं, ‘असा माणूस पाहिजे’. दुकानात एक गिऱ्हाईक आलं. फ्लशच्या टाकीतला फुगा बदलायचा होता त्याला. मला बघून तो थबकला, हातातला जुना फुगा त्यानं काउंटरवर ठेवला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

‘‘तुम्ही बोललात ते कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं, सर.’’

‘‘अहो, ती होळी होती. मी वाईट माणसाचं काम करतो.’’

‘‘तेच तर,’’ तो गहिवरून म्हणाला. ‘‘मनात नसताना इतकं खरं कोण बोलतं?’’

त्याचा फुगा मी बदलून दिला. त्याला समजावून सांगणं मला जमलं नाही.

दुसरीकडे, काका ज्या गोष्टी सहज बोलायचे त्या एकेक करून बंद होत गेल्या. काकांच्या भाषणात सगळ्यांची टिंगल असायची, आमच्या जातीची आधी, मग बाकीच्यांची, देवळाच्या पंचांची आणि चर्चच्या गायकवृंदाचीही, आणि फादर दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले की म्हणायचे, ‘‘आमच्या बेसुरपणाबद्दल यंदा कमी बोललात.’’ आता होळीच्या आदल्या आठवड्यात मंडळाची पोरं माझ्या घरी येतात, सोफ्यावर ओळीनं बसतात आणि अत्यंत नम्रपणे मला काय बोलायचं नाही ते सांगतात. धर्म नको. जात नको. देऊळ नको, चर्च नको. खऱ्या पुढाऱ्यांतल्या दादाचं नाव नको आणि अण्णाचं तर नकोच. रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलू नका, कारण ते कंत्राट आपल्यातल्याच एकाकडे आहे.

‘‘मग गाव विकायला काढलं तर चालेल का?’’ मी एकदा विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, ‘‘गाव विका, काका. फक्त कोणाला विकताय ते सांगू नका.’’

थोडक्यात, ज्यावर बोंब व्हायची त्यावर टाळ्या होऊ लागल्या, ज्यावर हसू यायचं त्यावर पोलिसात जायची भाषा होऊ लागली, आणि मी मधल्या जागेत हातगाडीवर उभा.

गेल्या वर्षी कडेलोट झाला. मी माझ्याकडची सगळी नीचता ओतली, आणि लोकांनी टाळ्या वाजवून, घोषणा देऊन, एकानं तर हातगाडीवर चढून मला फेटा बांधून तिचा सत्कार केला. काकी डोळे मिटून म्हणत होती, ‘‘पुढे. पुढे.’’ माझ्याकडे पुढे काही उरलं नव्हतं. घरोघरच्या पुरणपोळ्या नैवेद्याच्या ताटांत थंड होत होत्या. कुणीतरी म्हणालं, ‘‘काकी, आता पेटवा की.’’ काकी म्हणाली, ‘‘बोंब कुठाय?’’ एक पोरगा म्हणाला, ‘‘जुन्या वर्षीची बोंब मोबाईलवर आहे, स्पीकरला लावतो.’’ काकीनं एक डोळा उघडला. ‘‘मग विस्तवपण मोबाईलमधनंच काढ.’’

तेवढ्यात वीज गेली. सगळ्या गावाचे दिवे एकदम गेले, आणि सवयीनं, काही विचार न करता, गावानं अशी कडकडीत बोंब मारली की मला काकांची आठवण झाली. मग अंधारात चिमट्याचा आवाज आला. ‘‘चालेल,’’ ती म्हणाली.

पण घरी आल्यावर तिनं मला समोर बसवलं.

‘‘विजेवर बोंब झाली, तुझ्यावर नाही.’’

‘‘पण झाली ना, काकी.’’

‘‘पुढच्या वर्षी मेली वीज नाही गेली तर?’’ पोरांनी तिच्याकडे आधीच प्रस्ताव ठेवला होता, पुढाऱ्याऐवजी डीजे. डीजेला बोंब लागत नाही, गाणं लागलं की सगळे आपोआप ओरडतात. ‘‘येत्या होळीला तुझ्या बोलण्यावर बोंब झाली तर तू राहशील. नाही झाली तर काकांचा चष्मा मला परत दे आणि डीजेवाल्याला हातगाडी दे.’’

बाहेरच्या माणसाला हे लहान वाटेल. मला वाटलं नाही. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मला कुणी साहेब म्हणत नाही, माझं नाव पाटीवर आहे पण लोक ‘त्या संडासवाल्याकडे’ असंच म्हणतात. वर्षातली ती एक संध्याकाळ अशी असते की सबंध गाव माझ्याकडे बघून एका आवाजात ओरडतं. ती गेली तर माझ्याकडे फक्त नळ उरणार होते.

म्हणून यंदा मी महिनाभर आधी तयारीला लागलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की पांढऱ्याशुभ्र कमोडांच्या रांगेसमोर उभा राहून भाषण म्हणायचो. त्यांच्यासारखा शांत श्रोता मला दुसरीकडे मिळालेला नाही. संध्याकाळी बायकोसमोर परीक्षा. ती मेथी निवडता निवडता निकाल द्यायची.

‘‘ऐक. ‘तुम्हाला मतदानाचा त्रास कशाला? तुमची मतं मीच टाकीन!’ ’’

‘‘टाळ्या. रांगेत उभं राहणं वाचेल म्हणतील.’’

‘‘बरं. ‘माझ्याविरुद्ध छापणाऱ्या पेपरात मी भजी बांधून देईन!’ ’’

‘‘टाळ्या आणि भजीची मागणी.’’

‘‘ ‘वसईचा किल्ला पाडून मी तिथे पार्किंग करीन!’ ’’

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. मला वाटलं, जमलं. ती म्हणाली, ‘‘अहो, पार्किंग म्हटल्यावर लोक नाचतील.’’

‘‘किल्ला, अगं! आपला किल्ला!’’

‘‘गाडी कुठे लावायची ते सांगा आधी, मग किल्ल्याचं बोला.’’

आमच्या बिल्डिंगखाली मी रोज संध्याकाळी गाडी लावायला पाच चकरा मारतो. माझंही मन थोडं पार्किंगकडे झुकलं. मग मला स्वतःचीच भीती वाटली.

होळीचा दिवस आला. मैदानात सुपारीचं खोड उभं राहिलं, भोवती झावळ्या, सुकी केळपानं आणि लाकडं रचली गेली. बायकांनी पूजा केली. काकी खुर्चीत बसली, पायाशी घमेलं. अंकल कुंपण ओलांडून आले. आणि यंदा एक नवा पाहुणा आला, विरारच्या मनवेलपाड्याचे एक भाऊ. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, त्यांच्या पक्षानं त्यांना आमच्या भागातही लक्ष घालायला सांगितलं होतं, आणि त्यांनी ग्रुपवरची माझी ती फिल्म पाहिली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हातांत अंगठ्या, मागे चार-पाच माणसं. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली गेली. मी हातगाडीवर चढण्यापूर्वी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

‘‘काका, आपला सॉलिड फॅन आहे मी. आज जे बोलाल ना, ते आमच्या प्रचाराला द्या. माझे लोक लिहितात, पण तुमच्यासारखी आग नाही येत.’’

‘‘भाऊ, मी वाईट पुढाऱ्याचं सोंग करतो.’’

‘‘सोंग तर आम्हीपण करतो, काका,’’ भाऊ मोकळेपणानं म्हणाले. ‘‘लाजायचं कशाला.’’

मी चढलो. चष्मा लावला. माळ सरळ केली. आणि सुरू झालो.

मी काय बोललो ते आज लिहितानाही मला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात. मी मतदान बंद केलं. मी विरोधकांना गावाबाहेर काढलं आणि त्यांच्या घरांवर माझे फोटो लावले. मी म्हटलं, ‘‘खरं काय ते मी सकाळी ठरवीन आणि संध्याकाळी बदलीन, आणि ज्याला सकाळचं आठवत असेल त्यानं डॉक्टरला दाखवावं!’’ टाळ्या. मी किल्ला पाडला. भाऊ खुर्चीवरून उठून नाचले. माझं प्रत्येक वाक्य त्यांच्यातला एक माणूस मोबाईलवर टिपून घेत होता. मी किंचाळलो, ‘‘तुम्ही मेंढरं आहात!’’ आणि मागून आवाज आला, ‘‘आहोत! आहोत!’’

‘‘पुढे,’’ काकी म्हणाली.

माझा घसा बसत आला. घाम चष्म्यात उतरला. ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीचा कंटाळा दिसू लागला. मैदानाच्या कडेला डीजेवाला आपल्या खोक्यांवर हात टाकून उभा होता. मंडळानं त्याला ‘सहज’ बोलावून ठेवलं होतं. मी दिव्यांकडे पाहिलं. दिवे स्वच्छ जळत होते. जन्मात पहिल्यांदा मला वीज न गेल्याचं दुःख झालं.

आणि तेव्हा पाचूबंदरची म्हातारी कोळीण बोलली. ती रोज सकाळी आमच्या गावात मासळी घेऊन येते, गल्लीच्या तोंडाशी टोपली मांडते आणि गावातल्या प्रत्येकाला एकेरीत बोलावते. होळीला ती आमच्याकडेच थांबते. पुढाऱ्याला मध्येच प्रश्न विचारायचा तिचा जुना हक्क आहे, काकांनाही ती विचारायची. विचारलं की पुढाऱ्यानं छाती ठोकून खोटं उत्तर द्यायचं, अशी रीत.

‘‘अरे पुढाऱ्या,’’ ती ओरडली, ‘‘बाकी मरू दे. दरसाल पावसात गटाराचं पानी माझ्या टोपलीपर्यंत यायचं. औंदा आलं नाय. कोनी केलं ते गटार? सांग.’’

उत्तर सोपं होतं. ‘मी केलं! माझ्या नुसत्या नजरेनं पाणी वळलं!’ भाऊंनी टाळीसाठी हात उचललेच होते. पण तासभर ओरडून माझ्यातला पुढारी थकला होता, आणि प्रश्न गटाराचा होता, माझ्या धंद्यातला. पुढारी गप्प राहिला आणि दुकानदार बोलून गेला.

‘‘अगं, ते ना? ते त्या समोरच्या पक्षाच्या माणसानं केलं. आणि खरं सांगू, चांगलं केलंय. मी स्वतः वाकून बघितलंय. पाईपला उतार नीट दिलाय, चेंबरही जिथं पाहिजे तिथं बसवलेत. आपल्या लोकांना ते इतकी वर्षं जमलं नव्हतं.’’

केळपान सळसळलं तेही ऐकू आलं. मी चष्मा काढला, कारण मला वाटलं माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. समोर सगळ्यांची तोंडं उघडी होती.

मग हात वर गेले.

काय ती बोंब! मी काकांच्या काळातल्या ऐकल्या आहेत, विजेवरची ऐकली आहे, पण ही वेगळीच होती. निवृत्त गृहस्थ बोंबलत होते, माझं फुगावालं गिऱ्हाईक बोंबलत होतं, मंडळाचा अध्यक्ष माळ तोडायला हातगाडीकडे धावत बोंबलत होता. भाऊ खुर्चीवर उभे राहून दोन्ही हातांनी बोंब मारत होते, त्यामुळे अंगठ्या दातांवर आपटत होत्या. ‘‘फितला!’’ कुणीतरी ओरडलं. ‘‘त्यांच्याकडनं काय घेतलंस?’’ ‘‘गटाराची बाजू घेतो!’’ डीजेवाल्यानं घाबरून खोकी गाडीत भरायला घेतली.

काकीनं डोळे उघडले. चिमट्यानं निखारा उचलला, चालत गेली आणि झावळ्यांत ठेवला. होळी भडकली.

मी जिंकलो होतो. माझी हातगाडी वाचली होती, चष्मा माझा राहिला होता. मला हातगाडीवरून उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण खाली उतरलो तर माझ्याभोवती एक मोकळं रिंगण पडलं. दरवर्षी उतरल्यावर लोक पाठीवर थापा मारायचे, ‘यंदा फारच हरामखोर झालास रे’ म्हणून पुरणपोळीचा तुकडा तोंडात कोंबायचे. आज सगळे होळीच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. नारळ भाजून निघाले तरी माझ्या हातात कुणी तुकडा ठेवला नाही.

पहिल्यांदा अंकल आले. इकडेतिकडे बघून, होळीला प्रदक्षिणा घालत असल्यासारखे.

‘‘गटार चांगलं आहे रे बाबा,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘माझ्या अंगणात पाणी नाही आलं यंदा.’’

‘‘मग अंकल, तुम्ही बोंब का मारलीत?’’

‘‘सगळे मारत होते. मी एकटा गप्प उभा राहिलो असतो तर कसं दिसलं असतं?’’ मग म्हणाले, ‘‘आणि शिवी तोंडाशी आली होती, उपवासकाळ म्हणून गिळली.’’ आणि प्रदक्षिणा पुरी करायला निघून गेले.

मग मंडळाचा अध्यक्ष. ‘‘काका, चेंबर खरंच नीट बसलेत. पण असं स्टेजवरून बोलायचं नसतं ना.’’ मग निवृत्त गृहस्थ, ‘‘आमच्यात राहू दे, पण उतार चांगला आहे.’’ एकामागून एक, धुराच्या आडून, प्रत्येक जण येऊन माझ्या कानात गटाराची स्तुती करून गेला आणि जाताना दुसऱ्यांना दिसेल असा माझ्याकडे रागानं बघून गेला.

काकी खुर्चीत बसून हे सगळं पाहत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं मला नारळाचा तुकडा दिला.

‘‘राहिलास,’’ ती म्हणाली.

‘‘बोंब कशी होती?’’

‘‘मोठी होती.’’ तिनं दात दुखल्यासारखा चेहरा केला, पण या वेळी कौतुकापायी नाही. ‘‘तुझ्या काकांच्या वेळी लोकांना हसू आवरायचं नाही म्हणून बोंब तुटायची. मी तेव्हा त्यांना रागवायचे, नीट मारा म्हणून.’’ ती आगीकडे बघत राहिली. ‘‘आज अगदी नीट मारली. एकदाही तुटली नाही.’’

मी नारळाचा तुकडा मोडून अर्धा बायकोला दिला, आणि तो करपलेला होता याची आठवण ती अजून करून देते.

दुसऱ्या दिवशी धुळवड. त्याच्या पुढच्या दिवशी दुकान उघडलं, तर शटर अर्धवट वर जातं न जातं तोच खालून वाकून भाऊ आत आले. एकटे. गॉगल लावून, कानाला अजून गुलाल.

‘‘काका,’’ ते कमोडांच्या रांगेआड उभे राहून म्हणाले, ‘‘तो पाईप कुठला आहे? त्या गटाराचा.’’

‘‘का हो, भाऊ?’’

‘‘आमच्या मनवेलपाड्यात चाळीत पाणी भरतं. दरसाल. माझ्या आईच्याच खोलीत.’’ गॉगलमागे त्यांचा चेहरा एकदम एखाद्या साध्या माणसासारखा झाला. ‘‘उतार किती दिलाय, तेपण सांगा.’’

मी कागदावर काढून दाखवलं. चेंबर कुठे घ्यायचा, पाणी कुठे अडतं, सगळं. भाऊ लक्ष देऊन ऐकत होते, मध्ये मध्ये चांगले प्रश्न विचारत होते. गटारावर आमचं इतकं एकमत झालं की दोन चहा झाले. उठताना त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, आणि दाराशी पोहोचल्यावर परत वळले. बाहेर कुणी नाही ना, ते पाहिलं.

‘‘काका, एक हात जोडून विनंती आहे. पुढच्या होळीपर्यंत आमचंपण गटार होईल. चांगलंच होईल.’’

‘‘वा! मग?’’

‘‘त्याला हातगाडीवरून चांगलं म्हणू नका. काय वाटेल ते म्हणा, मला चोर म्हणा, तिकिटाला काही होत नाही. पण चांगलं म्हणू नका, तुम्ही चांगलं म्हणालात की बोंब पडते.’’

मी छातीवर हात ठेवून त्यांना शब्द दिला. भाऊंचा चेहरा खुलला. मग हा शब्द कुणी दिलाय ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शटरखालून वाकून बाहेर जाताना ते पुन्हा पुन्हा मागे वळून माझ्याकडे बघत होते.